दिव्यांग लेकराच्या घरचा खर्च कुठल्या रकान्यात लिहायचा?

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा. २६ जानेवारीची ग्रामसभा तोंडावर आली आहे, म्हणून आत्ताच लिहितोय.

आपल्याकडे एखाद्या घरात दिव्यांग मूल असेल तर लोक दोनच गोष्टी बोलतात. एक, "बिचाऱ्यांचं नशीब." दोन, "सरकारच्या लई योजना आहेत की आता, काय अडचण आहे?" पहिल्या वाक्यावर मला काही बोलायचं नाही. दुसऱ्या वाक्याचा हिशेब मात्र मांडायचा आहे. कारण वीसेक वर्षं तालुक्याची बातमीदारी करताना योजनांच्या बातम्या मी पोत्याने लिहिल्या, पण ज्या घरात असं लेकरू आहे त्या घरचा महिन्याचा खर्च कुठल्याच बातमीत आला नाही.

माझ्या एका मित्राचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्याची मुलगी ८ वर्षांची आहे, तिला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्मली तेव्हा लवकर रडली नाही, मेंदूला ऑक्सिजन कमी पडला. पाय ताठ आहेत, बोलणं अडखळत येतं, अधूनमधून फिट येते. बुद्धीला पोरगी तल्लख आहे, दुकानात कोण उधारी ठेवून गेलं ते तिला बापापेक्षा जास्त लक्षात असतं. वहिनी पहिल्या दिवसापासून वहीत खर्च लिहितात. परवा ती वही त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "भावजी, नाव लिहू नका. आकडे लिहा. आकड्याला कुणी बिचारं म्हणत नाही."

तर हे आकडे.

फिजिओथेरपी आठवड्यातून दोनदा, एका वेळचे ३५० रुपये. महिन्याचे २,८००.
स्पीच थेरपी आठवड्यातून एकदा, ४०० रुपये. महिन्याचे १,६००.
दोन्ही आपल्या तालुक्यात नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागतं. एसटी, स्टँडवरून रिक्षा, मध्ये चहापाणी धरून एका फेरीचे ३०० रुपये. महिन्याला आठ फेऱ्या, २,४००.
फिटचं औषध ९०० रुपये.
डायपर १,५०० रुपये.

झाले ९,२०० रुपये. हे दर महिन्याला, न चुकता.

आता वर्षातून लागणारे. पायाचे स्प्लिंट ७,००० रुपये. पोर वाढतंय, म्हणून पुढच्या वर्षी तेच स्प्लिंट बसत नाही. खास बूट २,५००. पुण्याला डॉक्टरांना दाखवायला वर्षातून दोनदा, गाडी, तपासण्या, फी मिळून एका वेळचे ६,०००. एकूण २१,५००. महिन्याला वाटून टाकले तर १,८०० च्या आसपास.

म्हणजे महिन्याला ११,००० रुपये. दुकानातून घरात येतात १८,०००.

आणि एक खर्च वहीत नाहीच. वहिनी लग्नानंतर शिवणकाम करायच्या. लग्नसराईत ब्लाउजांचा ढीग असायचा, महिन्याला पाच-सहा हजार सुटायचे. मुलगी दीड वर्षाची झाली तेव्हा मशीन बंद पडलं ते आजतागायत बंद आहे. हे पाच-सहा हजार कुणी खर्च म्हणून लिहीत नाही, कारण ते खिशातून गेले नाहीत, खिशात आलेच नाहीत. पण संसाराला खड्डा तेवढाच पडतो.

आता "लई योजना" या वाक्याकडे येऊ.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. चांगली योजना आहे, आपल्या भागातल्या कितीतरी लोकांचे जीव तिने वाचवलेत. पण ती आहे दवाखान्यात भरती होणाऱ्या माणसासाठी, ठरलेल्या उपचारांसाठी. वहीतलं वर लिहिलेलं एक तरी नाव बघा. थेरपी, स्प्लिंट, डायपर, गोळ्या, एसटी. यातल्या कशासाठीही मुलगी भरती होत नाही. त्यामुळे ५ लाखांचं कार्ड कपाटात आणि ११,००० चा खर्च खिशातून.

इथे एक गोष्ट समजून घ्या. सेरेब्रल पाल्सीत मेंदूची इजा वाढत जात नाही. पण शरीर वाढतं. हाडं लांब होतात, ताठ स्नायू त्यांच्याबरोबर वाढत नाहीत. रोज व्यायाम, नियमित थेरपी, मापाचे स्प्लिंट हे चालू राहिलं तर पाय वापरता येण्यासारखे राहतात. पैसे संपले म्हणून थेरपी बंद पडली तर सांधे आखडतात. मग मोठ्या ऑपरेशनची वेळ येते. ऑपरेशन म्हटलं की योजना मदतीला यायची शक्यता असते, पण ऑपरेशन टळावं म्हणून जी आई आठवड्याला दोनदा एसटीत बसते, तिच्या तिकिटाला आणि थेरपीच्या साडेतीनशे रुपयांना कुणी हात लावत नाही. आग लागल्यावर बंब पाठवायचा आणि रोजच्या पाण्याला कनेक्शन द्यायचं नाही, असा हा कारभार आहे.

दुसरी योजना, संजय गांधी निराधार अनुदान. दिव्यांगांचं अनुदान सप्टेंबर २०२५ च्या निर्णयाने महिना १,५०० वरून २,५०० रुपये झालं. स्वागत आहे. पण उत्पन्नाची अट बघा. दिव्यांगांच्या बाबतीत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत पाहिजे. ५०,००० म्हणजे अख्ख्या कुटुंबाचे दिवसाला १३७ रुपये. राज्यात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये आहे. म्हणजे घरातल्या एका माणसाने वर्षात १६१ दिवस हमीच्या दराने माती उचलली की ते कुटुंब सरकारच्या लेखी या मदतीच्या वर गेलं!

आणि आता खरी गंमत. लाडक्या बहिणीसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. माझ्या मित्राचं वर्षाचं उत्पन्न सव्वादोन लाखांच्या आत. म्हणजे वहिनींना लाडकी बहीण म्हणून महिना १,५०० मिळतात. आणि त्याच घरातल्या, त्याच रेशनकार्डावरच्या, ७५ टक्के दिव्यांगत्वाच्या मुलीला दिव्यांग म्हणून शून्य. मी लाडकी बहीण योजनेच्या विरोधात नाही, हे कमेंटमध्ये भांडायला येणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. माझा प्रश्न एवढाच आहे की एकाच सरकारच्या दोन योजनांत गरिबीची व्याख्या पाचपट वेगळी कशी? धडधाकट बहिणीला अडीच लाख आणि पांगळ्या लेकराला पन्नास हजार, हे कुठलं गणित?

ही अट माणसाला खोटं बोलायला लावते. सेतूवर जाऊन बघा. पन्नास हजाराच्या आतला दाखला "करून" मिळतो. जो करून घेतो त्याला लाभ, जो खरं उत्पन्न सांगतो तो बाद. प्रामाणिकपणाला दंड बसवणारी अट कागदावर कितीही कडक दिसली तरी ती बिनकामाची असते.

तिसरी, केंद्राची दिव्यांग पेन्शन. दारिद्र्यरेषेखालील, ८० टक्के दिव्यांगत्व, वय १८ च्या पुढे, तेव्हा महिना ३०० रुपये. २०१२ पासून तीनशेच आहेत. तेव्हाचा गॅस सिलिंडर आणि आजचा सिलिंडर यांच्या किमती तुम्हीच आठवा.

चौथी, आयकरातली ८०डीडीची सवलत. दिव्यांग अवलंबितासाठी ७५,००० आणि तीव्र दिव्यांगत्वासाठी सव्वा लाखाची वजावट. ती फक्त जुन्या करप्रणालीत. आणि जो आयकराच्या जाळ्यातच येत नाही, त्या रिवाइंडिंगवाल्याला, हमालाला, शेतमजुराला तिचा उपयोग काय? खर्च सगळ्यांना सारखा आणि सवलत पगारदाराला.

पाचवी मात्र खरोखर कामाची आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. तिचं नाव निरामय. केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाचा, म्हणजे नॅशनल ट्रस्टचा आरोग्य विमा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी वर्षाला १ लाखापर्यंत. विम्याआधी तपासणी नाही, आणि ओपीडी, औषधं, थेरपी, थोडा प्रवासखर्चसुद्धा यात बसतो. प्रत्येक प्रकाराला आतली मर्यादा आहे, सगळा लाख थेरपीला मिळत नाही. पण काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ.

अडचण कुठे आहे सांगतो. पैसे आधी आपण भरायचे आणि बिलं पाठवून नंतर परत मागायचे. ज्याच्याकडे आधी भरायला आहेत त्याचंच जमतं. त्यातून बिल पक्कं लागतं. आपल्याकडे थेरपीचे पैसे दिले की कोऱ्या कागदावर आकडा लिहून मिळतो, त्यावर ना नोंदणी क्रमांक ना शिक्का. वहिनींनी पहिल्या वर्षी अशा चिठ्ठ्यांचा गठ्ठा जमवला होता, एकही चालली नाही. आता त्या थेरपी सुरू व्हायच्या आधीच पावतीपुस्तक मागतात. तुम्हीही मागा. लाजू नका.

योजना एवढ्यावर संपत नाहीत, हे मला माहीत आहे. एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे. ६५ टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असेल तर सोबत्याला निम्मं तिकीट. छान. पण २०२३ पासून बाईमाणसाला तसंही निम्मंच तिकीट आहे, म्हणजे आई सोबत गेली तर त्या सवलतीचा वेगळा फायदा काही नाही. आणि ताठ पायांचं आठ वर्षांचं लेकरू कडेवर घेऊन एसटीच्या पायऱ्या चढणारी आई एकदा स्टँडवर उभं राहून बघा. सवलत तिकिटात आहे, पायरीत नाही.

कायदा काय म्हणतो तेही बघू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. कलम २५ सांगतं की उत्पन्नाची मर्यादा ठरवून दिव्यांगांना, विशेषतः ग्रामीण भागात, जवळपास मोफत आरोग्यसेवा द्या. कलम २४ मध्ये साधनं, औषधं, निदान आणि ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहकाचा भत्तासुद्धा लिहिलाय. एवढंच नाही, इतरांच्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगांना किमान २५ टक्के जास्त मदत द्या असंही म्हटलंय. केरळमध्ये आश्वासकिरणम नावाची योजना आहे, पूर्णवेळ सांभाळ करणाऱ्याला महिना ६०० रुपये. रक्कम फार नाही, पण घरात बसून राबणाऱ्या आईचं काम हे काम आहे, एवढं तरी तिथल्या सरकारने कागदावर मान्य केलं. महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ ला दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला, देशात पहिला म्हणून पाठ थोपटून घेतली. मग आईच्या कामाची नोंद घ्यायला अडलंय काय?

आता कुणी म्हणेल, सगळं सरकारने फुकट द्यायचं का? बोगस प्रमाणपत्रवाले किती आहेत ते बघा आधी. बोगसवाले आहेत, नाकारत नाही. अशा प्रकरणांच्या बातम्या मीही दिल्या आहेत. पण बोगस माणूस नोकरीतल्या आरक्षणासाठी आणि बदलीतल्या सवलतीसाठी येतो. आठवड्याला दोनदा फिजिओथेरपीला कुणी बोगस जात नाही. डायपर कुणी हौसेने घेत नाही. रोख रक्कम वाटण्याऐवजी सेवा दिली तर बोगसगिरीला जागाच उरत नाही. थेरपिस्ट तालुक्याला आणून बसवा. ज्याला गरज आहे तोच त्या दारात येईल.

आणि फुकट म्हणाल तर, हा खर्च थांबला की कुठे जातो तेही बघा. शेत विकलं जातं, धाकट्या भावाची शाळा स्वस्तातली होते, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या वर्षावर जातं. त्याहून वाईट म्हणजे हताश आईबाप भलत्या दारात जातात. कुणी अंगारा देतो, कुणी "स्टेम सेलने पोरगी पळायला लागेल" म्हणून लाखांचं पॅकेज सांगतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांमधली ठरलेली प्रत्यारोपणं सोडली तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, चाचणीबाहेर तो विकायचाच नाही. तरी जाहिराती चालूच आहेत. खरा उपचार साठ किलोमीटर लांब असला की खोटा उपचार दारात येतो.

मग करायचं काय? मुंबईकडे बोट दाखवून मोकळं व्हायचं नसेल तर आपल्या हातातलं एक साधन आहे. ग्रामपंचायत, नगरपरिषद, जिल्हा परिषद, प्रत्येकाने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. वैयक्तिक लाभासाठीही आणि सामूहिक सोयीसाठीही.

तो कसा खर्च होतो? दिवाळीच्या आधी नावं पुकारतात, हजार-दोन हजाराचा चेक किंवा एखादी वस्तू देतात, फोटो काढतात, आणि तो फोटो छापायला माझ्याकडे पाठवतात. समजा एका ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न ६ लाख. ५ टक्के म्हणजे ३०,०००. गावात ४० दिव्यांग. प्रत्येकी ७५० रुपये. त्यात वहिनींच्या दोन थेरपीसुद्धा धड होत नाहीत. म्हणजे पैसे खर्च झाले, कायदा पाळला, आणि कुणाचंही काही झालं नाही.

आता दुसरा हिशेब. समजा नगरपरिषदेचं स्वतःचं उत्पन्न ४ कोटी. ५ टक्के म्हणजे २० लाख. एक फिजिओथेरपिस्ट महिना २५,००० वर ठेवला तर वर्षाचे ३ लाख. स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोन दिवस आणला, महिना १०,०००, वर्षाचे १ लाख २० हजार. ग्रामीण रुग्णालयात नाहीतर एखाद्या बंद वर्गखोलीत जागा. गाद्या, बार, आरसा, चेंडू यांना एकदाच लाखभर. पहिल्या वर्षी सव्वापाच लाखांच्या आत तालुक्याला थेरपी केंद्र उभं राहतं आणि २० लाखांतले पावणेपंधरा लाख इतर दिव्यांग बांधवांसाठी शिल्लक राहतात. आसपासच्या ग्रामपंचायतींनी आपल्या निधीतला थोडा वाटा घातला तर गावोगावच्या लेकरांच्या येण्याजाण्याला एक गाडीसुद्धा लागू शकते. आमदार निधी लागत नाही, मंत्र्यांची तारीख लागत नाही. ठराव लागतो.

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत. पहिली, नगरपरिषदेने येत्या अंदाजपत्रकात या केंद्रासाठी रक्कम धरावी. दुसरी, प्रत्येक ग्रामपंचायतीने ५ टक्के निधीचा तीन वर्षांचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा. तिसरी, आपल्या आमदारांनी पन्नास हजारांची उत्पन्नाची अट निदान अडीच लाखांवर न्यावी म्हणून विधानसभेत प्रश्न लावावा.

आणि तुमच्यासाठी कामं.

घरात किंवा शेजारी बाळ असेल आणि ते वेळेवर मान धरत नसेल, बसत नसेल, हाकेला वळत नसेल, तर "होईल मोठं झाल्यावर" म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत तपासणीला येतं. आशाताईंना, अंगणवाडीताईंना तारीख विचारा आणि लेकरू दाखवाच. लवकर सुरू केलेल्या थेरपीएवढी स्वस्त थेरपी दुसरी नाही.

यूडीआयडी कार्ड काढलं नसेल तर काढा. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या दिव्यांगांपैकी फक्त २९ टक्क्यांच्या आसपास लोकांकडे प्रमाणपत्र होतं. कागद नाही तर माणूस नाही, हा आपल्याकडचा नियम आहे. वाईट आहे, पण आहे.

निरामयचा अर्ज भरा. भरता येत नसेल तर मला मेसेज करा, आपण बसून भरू. पैसे लागणार नाहीत.

आणि २६ तारखेला ग्रामसभेला जा. दिव्यांग मुलाच्या आईला जाणं जमणार नाही, तिला घर सोडता येत नाही. तिच्या वतीने तुम्ही जा. उभं राहून एकच वाक्य विचारा: "पाच टक्के निधीचं रजिस्टर दाखवा." ग्रामसेवक म्हणतील पुढच्या वेळी बघू. तेव्हा दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज तिथेच द्या. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलेलं उत्तर मला पाठवा. गावाच्या नावासकट छापीन, चांगलं असेल तर चांगलं म्हणून, वाईट असेल तर वाईट म्हणून.

पटलं तर पोस्ट पुढे पाठवा. नाही पटलं तर कुठला आकडा चुकीचा आहे तेवढं खाली लिहा. "बिचारे" एवढं मात्र कुणी लिहू नका.